वचनांचा डबा

८ डिसेंबर २०२४, रविवार

गुंजनला बंगळुरूची नोकरी लागली! मोठं इस्पितळ, राहायला हॉस्टेल, पंधरा जानेवारीला हजर व्हायचं. उपासना संपल्या संपल्या पोरगी हार्मोनियम उघडी टाकून धावत आली आणि मोबाइल माझ्या नाकाशी धरला. चष्मा डोक्यावर होता तरी मी म्हटलं, दिसत नाही, तूच वाच. तिने वाचलं.

अभिनंदन म्हणाले. पाठीवर थापही दिली. मग घरी येऊन तासभर नुसती बसून राहिले. इथे खोटं लिहून उपयोग नाही — मला आनंद झाला नाही.

गुंजन शेजारच्या जीवनची मुलगी, पण अक्षरं माझ्या पाटीवर गिरवली. आता नर्स झाली. रोज संध्याकाळी येते, माझं बीपी बघते, गोळ्यांचा डबा तपासते, रागावते, चहा पिते, जाते. एकसष्ट वर्षांच्या बिनलग्नाच्या मास्तरणीला दिवसात आणखी काय हवं असतं? आणि चर्चमध्ये तरुण म्हणावं असं तीच एक. आम्ही उरलोच किती — चार घरं, चौदा माणसं.

९ डिसेंबर

जीवन आणि रुखमिणी, दोघं नवराबायको सकाळीच आले. घरात रात्रभर वाद झालेला दिसत होता. रुखमिणीला साखरेचा त्रास, पाय सुजतात. पोरगी इथेच पवनीच्या दवाखान्यात लागली तर बरं, असं तिचं म्हणणं. जीवनला पोरीचा अभिमानही आहे आणि तिला सोडवतही नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून तो सगळ्या गावाचे फोन जोडून देतो, पण घरात दोन वाक्यं जुळवता येत नाहीत.

शेवटी म्हणाला, "आत्या, आमचं काही ठरून नाई राह्यलं. एक तारखेले गुंजन वचन काढन. जे निघन ते. मंग कोणी कोणाले बोलाचं नाई."

गुंजनला बोलावून विचारलं. तिलाही कबूल.

दर एक जानेवारीला सकाळच्या उपासनेत आमच्या चर्चमध्ये डबा फिरतो. त्यात शास्त्रातली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या. एकेकाने एक काढायची. ते त्याचं वर्षाचं वचन. माझ्या लहानपणी निम्म्या मंडळीला वाचता येत नसे, म्हणून डबा धरणारा चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचायचा, मागे पेन्सिलीने नाव आणि साल घालायचा, पुन्हा गुंडाळून ज्याची त्याला द्यायचा. आता सगळ्यांना वाचता येतं. रीत तीच राहिली. आधी डबा बाबा धरायचे, ते गेल्यापासून मी धरते.

जाताना रुखमिणी दारात थांबली. "डबा तुमच्याच हाती हाय न, आत्या," म्हणाली आणि गेली.

काहीच मनात नसेल तिच्या. पण दिवसभर ते वाक्य माझ्या मागे मागे फिरतंय.

१० डिसेंबर

बीपी एकशेसाठ. गुंजनने डोळे वटारले. बंगळुरूत बसून ती कोणाला डोळे वटारणार?

१४ डिसेंबर, शनिवार

चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. जुन्या कॅलेंडरची पानं, मागची पांढरी बाजू. पट्टीने रेघा मारून कापायच्या, बोटभर रुंद. सगळं बाबांसारखंच.

बाबा उपदेशक होते, नाव कृष्णराव. एका गोऱ्या मिशनरी साहेबाने म्हणे आजोबांना सांगितलं होतं, पोराचं नाव बदला. आजोबा म्हणाले, माणूस ओळखायला देवाला नाव लागत असेल तर कठीण आहे! पगार बेताचा, सायकल एक, आणि त्या सायकलवर आसगाव, अड्याळ, नदीपलीकडची गावंसुद्धा. डिसेंबर आला की धान कापून झालेलं असायचं, बांध्यांमधून कापलेल्या धानाचे पुंजणे रचून उभे असायचे, लाखोरीचं पीक उगवून आलेलं. बाबा फिरतीवरून येताना कोणी ना कोणी नव्या तांदळाची पिशवी कॅरियरला बांधून द्यायचं. घरभर त्या भाताचा वास. आई अनारसे तळायची आणि बाबा अंगणात उन्हात बसून चिठ्ठ्या लिहायचे. मी सायकलच्या जुन्या स्पोकवर त्या गुंडाळायची, हातमागवाल्यांकडून आणलेल्या लाल सुताने बांधायची. शाईचे हात, बाबांचं गुणगुणणं, आईचं "आधी जेवून घ्या" — माझ्या देवाला अजूनही त्या अंगणाचा वास येतो.

कुठलं वचन मोठं, कुठलं छोटं, बाबा कधी सांगायचे नाहीत. "लिहायचं आपण, काढायचं त्यानं," एवढंच म्हणायचे आणि वर बोट दाखवायचे.

१९८५ ची एक जानेवारी आज पुन्हा आठवली. दरवर्षी आठवते. येत्या एक तारखेला बरोबर चाळीस वर्षं.

मला मिरजेचं पत्र आलं होतं, नर्सिंगच्या शिक्षणाचं. एकवीस वर्षांची होते. त्याआधीच्या दिवाळीच्या सुमारास आईला लकवा झाला, उजवी बाजू गेली. जाऊ की नको? बाबा म्हणाले, वचन काढ. मी काढलं. त्यांनी उघडलं, पाहिलं, आणि वाचलं — देवाने जिथे ठेवलं आहे त्याच भूमीत राहावं, भलं करीत राहावं, अशा अर्थाचं वचन. सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. बाबांनी मागे नाव घातलं, चिठ्ठी गुंडाळून माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. सगळ्यांदेखत पाठ फिरवली आणि बाहेर हातपंपाशी जाऊन रडले. इतकं उद्धट मी आयुष्यात पुन्हा कधी वागले नाही.

मग डी.एड. केलं, शाळा, चौतीस वर्षं. आईची सेवा नऊ वर्षं. नर्सिंग काय, घरीच केलं! कोणी विचारलं की सांगत आले — देवाची इच्छा. आणि ते मनापासून म्हणत आले. त्या एका चिठ्ठीवर मी उभी आहे.

१७ डिसेंबर

स्वतःला पकडलं आज. तीस चिठ्ठ्यांपैकी 'इथेच राहा' अशा अर्थाच्या तीन झाल्या होत्या. चौथी लिहायला घेतली. म्हटलं, यात काय वाईट? शास्त्रातलंच तर लिहिते आहे. पण 'जा' अर्थाची एकही लिहिली नव्हती.

चोराच्या मनात चांदणं. दौत मिटली.

१९ डिसेंबर

घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ दे.

डब्याला कसर लागली होती म्हणून आतला खाकी कागद बदलायला काढला. बाबांनी खळ लावून चिकटवलेला कागद. मी आजवर हात लावला नव्हता. तळाच्या कागदाखाली एक चिठ्ठी निघाली. चपटी झालेली, लाल सूत अजून बांधलेलं. मागे बाबांची पेन्सिल : रत्नमाला, १-१-१९८५.

माझी! तीच, मी न घेतलेली. मला भरूनच आलं. बाबांनी जपून ठेवली होती. सूत सोडलं, उघडली.

त्यात राहण्याचं वचन नाही. अब्राहामाला सांगितलेलं वचन आहे — बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशाला चालू लाग.

तीनदा वाचली. अक्षर बाबांचंच. बाबांनी त्या दिवशी जे वाचलं ते चिठ्ठीत नव्हतं.

२० डिसेंबर

बाबा, तुम्ही?

२२ डिसेंबर, रविवार

भंडाऱ्याहून पाळकसाहेब आले होते, धर्मेंद्र, महिन्यातून एकदा येतात. तरुण आहेत, भले आहेत, नोट्स काढून बोलतात. त्यांना विचारलं, देवाची इच्छा ओळखायची कशी? ते म्हणाले, शास्त्र, प्रार्थना, वडीलधाऱ्यांचा सल्ला आणि परिस्थिती — चारही एकाच दिशेला बोट दाखवू लागले की समजावं. मी विचारलं, आणि वडीलधारेच खोटं बोलले तर? त्यांनी वही मिटली. कोणाबद्दल म्हणता, विचारलं. मी म्हटलं, असंच.

शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही, आत्या."

इतक्या वर्षांत पाळकाच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं. त्यांना जास्तीचा अनारसा दिला.

पण माझं काय? खोट्या चिठ्ठीवर चाळीस वर्षं 'आमेन' म्हणत आले. देवाने 'जा' म्हटलं होतं आणि मी राहिले. मग शाळेतली ती सगळी पोरं, आईच्या पाठीला लावलेली पावडर, ते कोणाच्या इच्छेने? देव इतकी वर्षं मिरजेत माझी वाट बघत बसला होता का?

प्रार्थनेला बसले. शब्द फुटला नाही. उठले.

२५ डिसेंबर, नाताळ

लहानपणी आजच्या दिवशी आम्ही गाणी म्हणत जवाहर गेटातून गावात शिरायचो. पुढे बाबा टाळ घेऊन, मागे आम्ही. माझ्या वर्गातल्या सुगतच्या घरी थांबायचंच. त्याचे वडील बौद्ध, पक्के आंबेडकरवादी, बाबांशी तासन् तास वाद घालायचे. पण नाताळला सगळ्यांना गूळ घातलेला चहा. "कृष्णराव, तुमच्या देवाचा वाढदिवस, चहा आमचा," म्हणायचे. तेव्हा आमची अकरा घरं होती. रस्ता भरून जायचा.

सुगत आज केक घेऊन आला. आता तोच आजोबा झाला आहे.

दुपारी कबरस्तानात गेले, दरवर्षीसारखी. आई-बाबांच्या कबरी शेजारी शेजारी. आईवर शेवंती ठेवली. बाबांवर नाही ठेवली. फुलं होती हातात, उरलेली. घरी परत आणली.

एकसष्टाव्या वर्षी बापाशी कट्टी! लाज वाटली. तरी नाही ठेवली.

२८ डिसेंबर

डबा लावला. राहण्याच्या तीन चिठ्ठ्यांतल्या दोन फाडल्या. जाण्याच्या दोन लिहून घातल्या. राहण्याची एक ठेवली — तीही काढून टाकली असती तर मी बाबांहून वेगळी कुठे? देवाला जागा ठेवायला हवी. तीस चिठ्ठ्या, राहण्याची एक. निघतेय कशाला!

गुंजनने विचारलं, "आत्या, तुम्हाले का वाटते? मी जाऊ?"

मी म्हटलं, डब्याला विचार. पळवाट काढली.

१ जानेवारी २०२५

निघाली.

चौदा माणसं, ऊन बाकांवर आलेलं. तेरा जणांचं झालं. जीवनला शांतीचं वचन आलं, तो रुखमिणीकडे बघून हसला. शेवटी गुंजन. हार्मोनियमवरून उठून आली, डोळे मिटून डब्यात हात घातला, बराच वेळ चाचपत राहिली. एक काढून माझ्या हातात ठेवली. मी सूत सोडलं.

माझंच अक्षर. तीच एक. इथेच राहा, भलं कर.

आधी मनात काय आलं ते लिहिते : सुटले! माझी पोर राहते आहे. मी काही केलं नाही, देवाने दिली. वाचायचं आणि संपलं. रुखमिणीने पदर तोंडाशी धरला होता. गुंजन माझ्याकडे बघत होती, आणि ते तोंड मी ओळखलं. हातपंपाशी रडणारं, एकवीस वर्षांचं.

मग मी वाचलं. चिठ्ठीकडे बघत, स्वच्छ, वर्गात वाचतात तसं — बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशाला चालू लाग. तेरा दिवस उशाशी घेऊन झोपले होते ते वचन, एक काना चुकला नाही.

"आमेन," जीवन म्हणाला. सगळ्यांत आधी तो. रुखमिणी रडली, पण मान हलवली.

मागे नाव घातलं, साल घातलं, गुंडाळली. द्यावी लागणारच होती. हात पुढे केला. तिने घेतली, मुठीत धरली, बाकावर जाऊन बसली.

मी देवाच्या घरात खोटं वाचलं. बाबांनी ठेवून घेण्यासाठी, मी सोडण्यासाठी. पण खोटं ते खोटंच. आणि खरंच पोरीसाठी केलं, की बाबांवरचा राग काढला? मला माहीत नाही. मला काही म्हणजे काही माहीत नाही.

२ जानेवारी

अजून कोणी आलं नाही जाब विचारायला. चिठ्ठी घरी नेऊन शास्त्राच्या पहिल्या पानावर चिकटवायची रीत आहे. चिकटवताना दिसेलच. दारावर थाप पडली की दचकते. दूधवाला होता.

१३ जानेवारी

गेली. सकाळच्या नागपूरच्या बसने, तिथून रेल्वे. जीवन सोबत पोचवायला गेला. स्टँडवर रुखमिणीने डब्यात तांदळाच्या भाकरी आणि सुकी भाजी दिली, मी अनारसे. बस सुटताना गुंजन खिडकीतून म्हणाली, "गोळ्या खाजा वेळेवर. मी रोज विचारीन." चिठ्ठीचं काही बोलली नाही. मीही नाही.

येताना वैनगंगेवर जरा थांबले. धरणामुळे पाणी किती पसरलंय आता. आमच्या वेळी उन्हाळ्यात अर्धं पात्र वाळूच असायचं, आम्ही चालत पलीकडे जायचो.

१४ जानेवारी

संध्याकाळी सवयीने दोन कप चहा टाकला.

२ फेब्रुवारी, रविवार

हार्मोनियमवर कापड घातलं आहे. गाणी बिनसुराची म्हटली. मीच आधी सुरू केलं आणि इतक्या वरच्या पट्टीत की तिसऱ्या ओळीला सगळेच गप्प झाले. जीवनला हसू फुटलं, मग आम्ही सगळेच हसलो. देवही हसला असेल. बऱ्याच दिवसांनी त्याचा विचार न रागावता आला.

घरी येऊन विचार करत बसले. बाबांचं तेव्हाचं वय काढलं — एकोणपन्नास. लकवा झालेली बायको, महिन्यातले वीस दिवस फिरती, घरात मी एकटी. माझ्याहून बारा वर्षांनी लहान होते ते! मी आजवर त्यांना म्हातारेच समजत आले. माझी तर फक्त गुंजन जाणार होती, तरी मी चौथी चिठ्ठी लिहायला घेतली होती.

माफ केलं असं नाही. पण ओळखलं.

९ फेब्रुवारी, रविवार

गुंजनचा फोन आला. कामाचं सगळं सांगितलं, भात कसा जाडा मिळतो ते सांगितलं, मग एकदम थांबली. म्हणाली, "आत्या, तुम्ही वाचलं ते चिठ्ठीत नव्हतं."

कधी पाहिलंस, विचारलं.

"तेव्हाच. बाकावर बसल्या बसल्या. तुम्ही दुसऱ्याचं वचन वाचून राहिल्या का काय, असं वाटलं म्हणून उघडली."

मग गेलीस कशी? चिठ्ठीत तर राहायचं होतं.

"गावात सगळ्यात जास्त मी कोणाले लागतो? तुम्हाले. अन् तुम्हीच जा म्हणून राहिल्या. मले वाटलं, देव बोलत असन तं असाच बोलत असन. चिठ्ठीचं मी धरलंच नाई." आणि हसत म्हणाली, चिठ्ठी उलटी चिकटवली आहे, नाव वर, अक्षर खाली; आईला आयुष्यात कळणार नाही.

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ रडले. चांगलं रडले. आज प्रार्थनेला शब्द आले.

पोर हुशार. सरळ उघडून पाहिली!

१० फेब्रुवारी

सकाळी कबरस्तानात गेले. बाबांवर शेवंती ठेवली, ओंजळभर.

त्या दिवशी वचन वाचून झाल्यावर बाबांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली होती. बराच वेळ धरली होती. त्यात खरं वचन होतं. मीच घेतली नाही.